धुऱ्यावरचा कॅमेरा: विदर्भातली पाखरं, वावरं आणि बाजार टिपणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मी भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. गळ्यात कॅमेरा दिसला की लोक विचारतात. पुण्या-मुंबईचे फोनवर, गावातले पानठेल्यावर. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. उत्तरं माझ्या फिरण्यातून आलेली आहेत, त्यामुळे धानाच्या पट्ट्याकडे जरा जास्त झुकलेली. वऱ्हाडच्या मंडळींनी राग मानू नये.

वाघ दिसेल का?

दिसेलही. त्यासाठी ताडोबा आहे (१९५५ पासूनचं, राज्यातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान), पेंच आहे, टिपेश्वर आहे, बोर आहे, मेळघाट आहे. ऑनलाइन बुकिंग करा, जिप्सीत बसा. ताडोबा मंगळवारी बंद असतो आणि पावसाळ्यात कोअर भाग मिटतो, तेवढं बघून तिकिटं काढा.

पण ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवून धरलं होतं. ते प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. त्या दिवशीचे फोटो मी पाहिले. वाघीण स्पष्ट आली होती, उजेडही चांगला होता, आणि मागे गाड्यांची रांग. तसला फोटो आपल्या भिंतीवर नको, असं मला तेव्हा वाटलं. हे पान गेटच्या बाहेरच्या विदर्भाबद्दल आहे.

गेटच्या बाहेर आहे तरी काय?

सुरुवात धुऱ्यापासून करा. दोन वावरांमधला बांध म्हणजे धुरा. तिथे बोरी-बाभळी वाढतात, घुशी-मुंगसांची बिळं असतात, वर तारेवर नीलपंख बसलेला असतो. पेरणीच्या वेळी ट्रॅक्टरमागे गायबगळे आणि कोतवाल चालतात, कारण नांगरटीत किडे वर येतात. एका धुऱ्यावर सकाळी सहा ते नऊ बसलात तर पंधरा-वीस जातींची पाखरं सहज मोजाल. रोह्यांचा कळपही तूर किंवा हरभरा असला की संध्याकाळी उतरतोच. नीलगाईला इकडे रोही म्हणतात. शेतकऱ्यासमोर तिचं कौतुक मात्र करू नका.

दुसरी जागा मामा तलाव. मामाचा तलाव नव्हे. ‘माजी मालगुजारी’ या शब्दांचं कागदोपत्री लघुरूप. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडचे हे तलाव गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी धानाला पाणी मिळावं म्हणून बांधले. पुढे ते मालगुजारांकडे, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांकडे गेले. १९५० च्या कायद्यानं मालगुजारीच संपली, आणि तलाव ‘माजी’ झाले. त्याहून लहान ती बोडी. हिवाळ्यात या पाण्यावर अडई, काणूक, थापट्या, चांदवा ही पाणपाखरं. कमळाच्या पानांवर कमळपक्षी चालताना दिसतो, लांब बोटांमुळे बुडत नाही. आणि याच पाण्यात ढिवर समाजाची माणसं डोंग्यातून सिंगाडे काढत असतात. पक्षी आणि डोंगा एकाच चौकटीत येतात, त्यासाठी वेगळी खटपट लागत नाही. मी दहा वर्षं एकाच तलावावर जातो. अजून तो फोटो मनासारखा आला नाही, कधी डोंगा चुकतो, कधी अडया.

तिसरी जागा झुडपी जंगल. महसुली नोंदीतला हा शब्द फक्त विदर्भातलाच. नाव ऐकून ओसाड वाटतं, पण तित्तिर, लावा, चंडोल, कोल्हा, खोकड यांचं घर तेच. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं झुडपी जमिनींना वनजमीन मानलं, तेव्हा कुठे शहरातल्या लोकांनी हे नाव ऐकलं.

कोणत्या महिन्यात यावं?

कशासाठी, त्यावर आहे.

फाल्गुन म्हटलं तर पळस आणि काटेसावर. पानं एकही नाही, नुसती फुलं, म्हणून पाखरू फांदीआड लपत नाही. पळसमैनांचे थवे, शिंजीर, हळद्या, साळुंक्या, पोपट, सगळे चोची भरून घ्यायला येतात. नवशिक्यानं पहिला वर्ग इथेच करावा. झाडापासून वीस पावलांवर सावलीत बसायचं, बस्स.

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं. ती पहाटे गळतात, त्यामुळे बाया-पोरं टोपल्या घेऊन अंधारातच झाडाखाली असतात. वासानं चितळ येतं, अस्वलही येतं. फोटो म्हणून ही वेळ फार सुंदर आणि तितकीच धोक्याची. अस्वल हे आमच्या भागातलं सगळ्यात बेभरवशाचं जनावर. गावातल्या माणसाशिवाय मोहाखाली जाऊ नका. मे महिन्यात तेंदूपत्ता. पानं तोडून आणतात दुपारपर्यंत, आणि मग अंगणात घरातले सगळे पुडे बांधत बसतात. अंगणातला तो प्रसंग मला जंगलातल्या कुठल्याही फोटोपेक्षा आवडतो.

मृग लागला की पहिल्या पावसानंतर मखमली लाल मृगाचे किडे जमिनीवर. ते दोन-चार दिवसच दिसतात, मॅक्रो असेल तर सुट्टी टाका. मग रोवणी, म्हणजे धानाची लावणी: गुडघाभर चिखलात वाकलेल्या बाया, हिरवे पऱ्हे (धानाची रोपं), वर काळं आभाळ. सुगरणीचे खोपे याच दिवसांत, विहिरीवर वाकलेल्या बाभळीला किंवा शिंदीला.

वऱ्हाडात दिवाळीच्या सुमारास कापूस फुटतो. पहिल्या वेचणीआधी बाया वावरात सीतादही करतात. बोलावलं तरच जा, आणि पूजा होईपर्यंत कॅमेरा खाली ठेवा. मोर्शी-वरूडकडे संत्री. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे धान कापून झालेल्या बांध्यांत (खाचरांत) लाखोळी फुलते, निळी. त्या निळ्यावर पहाटेचं धुकं असतं. बाकी सांगत नाही, येऊन बघा.

सारस कुठे दिसतो?

महाराष्ट्रात मुख्यत्वे गोंदिया आणि शेजारच्या भंडाऱ्यात, आणि तेही मूठभर. उडू शकणाऱ्या पक्ष्यांत हा जगात सगळ्यात उंच, माणसाच्या डोक्याइतका. जोडीनं राहतो. पावसाळ्यात थेट धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या काठच्या गवतात घरटं घालतो. म्हणजे ज्या शेतकऱ्यानं तेवढा धान मोडलेला सहन केला, त्याच्यामुळे सारस टिकला आहे.

नेमकी बांधी मी कुणाला सांगत नाही, रागावू नका. वीणीच्या काळात तर नाहीच. हिवाळ्यात या, तेव्हा जोड्या कापलेल्या शेतांत चरत असतात आणि रस्त्यावरून, गाडीतूनही दिसतात. दीडशे-दोनशे मीटरवर थांबा. मान वर करून दोघंही तुमच्याकडे बघायला लागले की समजा, जास्तच पुढे आलात.

कॅमेरा कोणता घेऊ?

आहे तो. बाजारासाठी आणि माणसांसाठी मोबाईल पुरतो. पाखरांसाठी ७०-३०० ची लेन्स किंवा जुना झूमवाला ब्रिज कॅमेरा चालतो. पैसा असेल तर १५०-६००. उडत्या पक्ष्याला १/१६०० किंवा त्याहून वेगवान शटर, आयएसओ वाढला तर वाढू द्या. तिपाईऐवजी जुन्या पँटच्या पायात सरकी भरून शिवून घ्या: गाडीच्या खिडकीवर, बैलबंडीच्या दांडीवर, कुठेही लेन्स टेकते. सरकी हलकी असते आणि आमच्याकडे फुकट मिळते.

पाखरू जवळ जाताच उडतं. काय करू?

पायी जाऊ नका. पाखरं माणसाच्या दोन पायांना घाबरतात, चाकांना नाही. बैलबंडीवर बसून गेलात तर नीलपंख दहा हातांवर बसून राहतो. बंडी हल्ली कमी झाली. मोटारसायकल हळू नेऊन इंजिन बंद न करता थांबा. इंजिन बंद झालं की त्याच क्षणी उडतो, हे मी शंभरदा चुकून शिकलो. कपडे मळकट घाला. आणि मोबाईलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बाहेर काढणं हा प्रकार करू नका. बिचारा आपल्या हद्दीत दुसरा नर आला समजून दिवसभर भांडत बसतो.

घरट्याचा फोटो?

सुगरणीचा खोपा लांबून काढा. बाकी घरट्यांच्या वाटेला जाऊ नका. फांदी बाजूला केली की तुमच्यामागे कावळा येतो. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पक्ष्यांची अंडी किंवा घरटी छेडणं हे शिकारीच्याच व्याख्येत येतं.

दुसऱ्याच्या वावरात शिरायचं तर विचारावं लागतं का?

हो, आणि फक्त रीत म्हणून नाही. जिवासाठी.

रोही आणि रानडुकरं एका रात्रीत एकराचं पीक झोपवतात. म्हणून शेतकरी जागलीला जातो, मचाणावर बसून डबे वाजवतो. काही जण सौरऊर्जेचं झटका मशीन लावतात. त्याच्या तारेला हात लागला तर जोरात झटका बसतो, पण माणूस मरत नाही. पण काही ठिकाणी चोरून थेट खांबावरची वीज तारेत सोडतात. ते बेकायदा आहे, त्यानं वाघ मेले, बिबटे मेले, स्वतः शेतकरीही मेले. ती तार गवतात जमिनीपासून वीतभर उंचीवर असते आणि अंधारात दिसत नाही. म्हणून सूर्य उगवण्याआधी आणि मावळल्यानंतर अनोळखी धुऱ्यावर पाऊल टाकायचं नाही. आदल्या दिवशी मालकाला भेटा, चहा घ्या, विचारा, “भाऊ, तार कुठून कुठवर आहे?” तो खरं सांगतो. निदान ‘तिकडून नका जाऊ’ एवढं तरी सांगतोच.

साप दिसला तर?

लांबून काढा, पुढे जा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे, चारही या भागात आहेत. सापाला काठीनं उभं करून फोटो काढणाऱ्या सर्पमित्रांच्या मागे लागू नका. चावलाच तर सरळ सरकारी दवाखाना. तिथे लस असते. मांत्रिक नाही, दोरी आवळणं नाही.

बाजारात लोकांचे फोटो काढले तर चिडतात का?

चिडत नाहीत. थकतात.

एका आठवडी बाजारात सुकट विकणाऱ्या म्हातारीसमोर मी उकिडवा बसलो होतो. फोटो काढू का म्हटलं, तर म्हणाली, “मागच्या सालीबी एक जन आलता. फोटू काढून गेला. फोटू काई आला नाई.” त्या दिवसापासून माझा एकच नियम: ज्याचा फोटो, त्याला छापील प्रत. तालुक्याच्या स्टुडिओत चार बाय सहाची प्रत दहा-पंधरा रुपयांत निघते. पुढच्या बाजारात नेऊन द्यायची. बाजार आठवड्यानं त्याच वारी, त्याच जागी भरतो, तीच माणसं त्याच जागेवर बसतात. पत्ता शोधावा लागत नाही.

याचा फायदा काय, असं विचाराल, तर पहिल्या वेळी माणूस कॅमेऱ्यासाठी ताठ बसतो. प्रत हातात पडल्यावर दुसऱ्या वेळी तो तुमच्याकडे लक्षच देत नाही, आपली मिरची मोजत राहतो. मला हवा असतो तो फोटो हा दुसरा.

मेळघाटातल्या कोरकू, यवतमाळकडच्या कोलाम, भामरागडकडच्या माडिया पाड्यांवर आधी गावच्या पाटलाला किंवा सरपंचाला भेटा. अंगावरचे दागिने, गोंदण यांच्यासाठी लोकांना ओळीत उभं करू नका. लहान पोरांचे फोटो आई-बापाला विचारूनच. आणि पैसे देऊन फोटो काढणं मला पटत नाही. पुढच्या माणसाच्या वाट्याला तो बाजार लावून जाता.

सण-जत्रेत काय चुकवू नये?

पोळा, अर्थात. बैलांना तोरणाखाली उभं करून झडत्या (पोळ्याची लोकगीतं) म्हणतात, तिथे आवाज आणि चेहरे दोन्ही आहेत. पण माझ्या मते खरी गंमत दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्याची: लाकडी नंदी ओढत निघालेली पोरं, कुणाचा नंदी पोरापेक्षा मोठा, कुणाच्या गळ्यात कवड्या. गुडघ्यावर बसा, पोरांच्या उंचीवरून काढा.

दिवाळीनंतर धानाच्या पट्ट्यात गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते. दिवसा दंडार (लोकनाट्य), रात्री झाडीपट्टीचं, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाचं नाटक, जे उजाडेपर्यंत चालतं. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा हे या नाटक मंडळ्यांचं ठाणं. तिथून ती मंडळी हंगामभर गावोगाव फिरतात. मंचावर फ्लॅश मारू नका. त्यापेक्षा पाठमोऱ्या प्रेक्षकांकडे बघा: घोंगडीत गुंडाळलेली हजारभर माणसं, मध्येच झोपलेली पोरं. कनातीमागे नट रंग लावत बसतात, तिथे परवानगी घेऊन शिरलात तर सगळी रात्र वसूल.

शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. ती काही वर्षं बंद होती. डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त सुरू झाली आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायदा वैध ठरवला. धावपट्टीच्या टोकाला, बैल थांबतात तिथे उभे राहू नका. ते तिथेच थांबतील याची हमी बैलांनी दिलेली नसते. हिवाळ्यात चांदूर बाजार तालुक्यात बहिरमची यात्रा महिनाभर असते. तिथली मातीच्या हंड्या आणि धुराची दुपार शाकाहारी माणसालाही काढावीशी वाटते.

तालुक्याच्या गावात टिपण्यासारखं काय असतं? सगळीकडे तेच एस.टी. स्टँड.

तेच तर. स्टँडवर पहाटे साडेपाचला पेपरचे गठ्ठे, दुधाच्या कॅना, पहिल्या गाडीची वाट बघणारी नर्सिंगची पोरगी. पानठेल्यावर खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) घोटणारा हात. जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, गाडीवरच झोपलेले शेतकरी. जानेवारीत यवतमाळ-अमरावतीकडे हे दृश्य रोजचं.

आणि शकुंतला. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी ही नॅरोगेज गाडी कापसासाठी इंग्रजांच्या काळात एका खासगी कंपनीनं टाकली. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चालली. आता काही वर्षांपासून बंद आहे. रुळांवर गवत, ठिकठिकाणच्या लहानग्या स्थानकांवर शेळ्या. जुने प्रवासी अजून तिथल्या बाकावर येऊन बसतात. त्यांच्याशी आधी बोला.

गावात वाघ किंवा हत्ती आला, तर फोटो काढायला यावं का?

नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडहून रानहत्तींचा कळप गडचिरोलीत आला, पुढे गोंदिया-भंडाऱ्यापर्यंत फिरला. हत्ती कुठे आहेत कळलं की दोनशे मोटारसायकली. बिथरलेलं जनावर मग ज्याच्या दारात आलंय त्याला भोगावं लागतं, तुम्ही तर घरी गेलेले असता. वाघाचंही तेच. ज्या घरात मोहाला गेलेलं माणूस परत आलं नाही, त्या घरासमोर लेन्स काढू नका. दिसलं तर वनविभागाच्या १९२६ या नंबरवर कळवा आणि लोकांना मागे सरकवायला मदत करा.

ड्रोन?

अभयारण्यात परवानगीशिवाय नाही. बाहेर २०२१ चे ड्रोन नियम वाचून ठरवा. तलावावर तर उडवूच नका. एका फेरीत अख्खा थवा उठतो आणि थंडीत त्यांची दिवसभराची कमाई वाया जाते. आमच्या तलावावर एका घारीनं कुणाचातरी ड्रोन पाण्यात पाडला. ढिवरांनी तो काढून दिला नाही, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

फोटोखाली जागा लिहू का?

तालुका लिहा. सारस, घुबड, खवल्या मांजर, कुणाचीही वीण असेल तर तेवढंही नको. मोबाईलच्या फोटोत जागेची नोंद आपोआप चिकटते, ती आधी काढून टाका. आयनॅचरलिस्टवर टाकलंत तर धोक्यातल्या प्रजातींचं ठिकाण ते स्वतःच धूसर करतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र कुणी करत नाही.

तब्येतीचं काय सांभाळावं?

मे महिन्यात चंद्रपूर ४७ अंशांपर्यंत जातं. सकाळी नऊनंतर सावलीत जा. कॅमेराही बंद गाडीत ठेवू नका. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये गवतात लोळून फोटो काढायची हौस आवरा: गवतातल्या बारीक चिगर किड्यांमुळे स्क्रब टायफस होतो, २०१८ मध्ये नागपूरकडे त्याची साथच आली होती. फिरून आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना ‘गवतात बसलो होतो’ हे आवर्जून सांगा. आग्या मोहोळाखाली अत्तर लावून जाऊ नका.

राहायचं-खायचं कुठे?

तालुक्याच्या गावी लॉज असतो, फार अपेक्षा ठेवू नका. खायला पहाटे तर्रीपोहे, आलूबोंडा. कुणी जेवायला बोलावलं तर नाही म्हणू नका. आणि कुणी “सांबार टाकू का?” असं विचारलं तर दचकू नका. सांबार म्हणजे कोथिंबीर. एका मुंबईच्या पाहुण्यानं वन्यजीव कायद्याची आठवण करून दिली होती आमच्या वहिनींना.

त्या सुकटवाल्या आजीला फोटो दिला का?

दिला, पुढच्या मंगळवारी. तिनं उलटसुलट करून पाहिला, पदरात ठेवला आणि शेजारच्या मिरचीवालीला म्हणाली, “आता हिचा काढ.”